मैदानाचा उतार

जुलै अर्धा सरला की माझ्या नाकात ओल्या चुन्याचा वास येऊ लागतो. खरं तर पेणमध्ये या दिवसांत वास असतो तो रंगाचा. आमच्या आळीत घरटी एक गणपतीचा कारखाना. पत्र्याच्या शेडमध्ये मूर्ती ओळीनं वाळत ठेवलेल्या, भर दुपारी दिवे लावलेले, पंखे घोंघावत असलेले आणि फवारणीच्या रंगाचा तो टाळूला चिकटणारा वास. पाहुणे आले की नाकाला पदर लावतात. मला तो वास आता येतच नाही. मला येतो तो चुन्याचा. बादलीत भिजवलेल्या, काठीनं ढवळलेल्या आणि चहाच्या जुन्या किटलीतून गवतावर बारीक धारेनं ओतलेल्या चुन्याचा. फुटबॉलच्या मैदानाच्या रेघा आम्ही तशाच आखायचो, कारण कोरडी फक्की आमच्या पावसात दहा मिनिटंही टिकत नाही.

मी रोह्याच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचे. ‘बाई आणि फुटबॉल?’ असं आता कोणी तोंडावर विचारत नाही. तेव्हा विचारायचे, आणि हसून विचारायचे. मीही हसून शिट्टी वाजवायचे. शिट्टी वाजली की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं आणि पुढे मी त्याचा भरपूर गैरफायदा घेतला. रागीट म्हणून माझी ख्याती होती. ती अगदी खरी होती.

फुटबॉलचा हंगाम ऐन पावसाळ्यात असतो. क्रिकेटवाले छत्री उघडून घरी जातात तेव्हा आम्ही बुटांच्या नाड्या बांधतो. पेणहून सकाळची गाडी पकडून मी रोह्याला उतरायचे, तेव्हा साडीखाली पायांत कॅनव्हासचे बूट असायचे आणि ते सबंध श्रावण वाळायचे नाहीत. जिमखान्याच्या खोलीत दोरीवर मोजे, खिडकीत चेंडू, कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग, आणि सगळ्याला मिळून एक कुबट वास. मुलं चिखलात पडायची, उठायची, दात तेवढे पांढरे दिसायचे. मला ते दिवस फार आवडायचे. एक हंगाम सोडला तर अजूनही आवडतात. पण झालं असं आहे की बाकीचे सगळे हंगाम एकमेकांत मिसळून गेले आणि तो एकच तेवढा वेगळा राहिला.

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. यंदा कॉलेजातून फोन आला. नवे प्राचार्य बोलत होते. मैदान नव्यानं करायचं ठरलंय, बसायला पायऱ्या, वर छप्पर, खेळाडूंसाठी खोल्या, चांगलं स्टेडियमच म्हणा ना. तर आराखडा बघायला मॅडम तुम्ही आलंच पाहिजे. मी गेले. पाऊस तिरका पडत होता. कुंडलिका दोन्ही काठांना घासून वाहत होती आणि अष्टमी गावाच्या पुलावरून धाटावच्या कारखान्यांतली पहिली शिफ्ट सुटलेली माणसं रेनकोट घालून दुचाक्यांवरून घरी चालली होती.

आराखडा समजावून सांगणारा इंजिनिअर माझ्या विद्यार्थ्यांच्याही मुलांच्या वयाचा. हुशार होता आणि बोलायचा नीट. म्हणाला, मैदान म्हणजे वरचं गवत नव्हे, मैदान म्हणजे त्याच्या खालचं सगळं. तळाला दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू, मग माती. मधून भोकांचे पाइप. आणि मैदानाचा मध्य कडेपेक्षा वीतभर उंच. खेळणाऱ्याला कळत नाही, बघणाऱ्याला दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर समजतं. भिंतीवर त्यानं एक चित्र दाखवलं. मैदान मधोमध कापल्यासारखं दिसत होतं आणि त्याची वरची कड अगदी किंचित फुगलेली होती.

त्या फुगलेल्या कडेवरून मी नजर वळवली.

पुढे तो म्हणाला, “आपल्या जुन्या मैदानालाही असा उतार होता, बरं का. ज्यांनी कोणी केला त्यांना मानलं पाहिजे. नंतर तो गेला. जुन्या फायलीत नोंद आहे.” आणि त्यानं वाचून दाखवलं. एकच वाक्य होतं. एका अडाणी रोजंदारी कामगाराच्या चुकीमुळे मैदानाचा उतार नष्ट झाला. सगळ्यांनी मान हलवली. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, स्टेडियमच्या पुस्तिकेत मैदानाचा इतिहास द्यायचाय. पानभर लिहून द्या. तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?”

“ते वाक्य घेऊ नका,” मी म्हणाले.

“का हो?”

“बघून सांगते,” मी म्हणाले. आणि समोरचा चहा उचलला. साठी ओलांडलेली बाई मी, पेन्शन चालू, कोणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही, आणि तरी मला एवढंच म्हणता आलं.

जुनं मैदान कोणी आखलं ते मला कधीच कळलं नाही. कोणी म्हणे जुन्या काळचा एक सुपरवायझर होता, तो संध्याकाळी एकटा येऊन सावल्या मोजायचा. असेलही. गोलपोस्ट त्यानं उत्तर-दक्षिण लावले होते, म्हणजे सूर्य कुठल्याही गोलकीपरच्या डोळ्यांत यायचा नाही. बसायच्या तीन दगडी पायऱ्या पश्चिमेला, म्हणजे उतरतं ऊन बघणाऱ्यांच्या पाठीवर. मैदान मधे फुगलेलं. दोन्ही बाजूंना गुडघाभर खोल चर, आणि चरांची तोंडं मागच्या ओढ्याकडे. पाऊस पडला की पाणी मधून कडेला, कडेनं चरात, चरातून ओढ्यात आणि ओढ्यातून कुंडलिकेत. हे आज मी घडाघडा सांगते. तेव्हा मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. मला दिसायचं ते एवढंच, की मधे एक ढेरी आहे आणि तिच्यावरून चेंडू बाजूला पळतो.

बाळाराम आमचा मैदानावरचा माणूस. मी त्यांना बाळारामदादा म्हणायचे. अष्टमीच्या पलीकडे आत त्यांचं गाव. थोडी भातशेती, थोडा वाल, आणि उरलेल्या दिवसांत कॉलेजात रोजंदारी. गवत कापायचं, लव्हाळा उपटायचा, जाळ्या बांधायच्या, रेघा मारायच्या. किटलीनं रेघ ओढताना ते उलटे चालत. मागे न बघता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जात आणि रेघ कुठे वाकडी होत नसे. मी एकदा दोरी लावून तपासली होती. माझा स्वभावच तसा. त्यांना राग आला नाही. दोरी गुंडाळून ठेवत म्हणाले, “झाली खात्री? आता च्या पाजा.”

पण त्यांचं खरं नाव होतं ते फळीसाठी. आमच्याकडे चिखलणी झाली की लावणीआधी खाचरात लाकडी फळी फिरवायची, म्हणजे चिखल सारखा बसतो. बैल फळी ओढतात आणि माणूस तिच्यावर उभा राहतो. तो टाच दाबतो की चवडा, डावीकडे कलतो की उजवीकडे, यावर सगळं असतं. खाचराच्या एका कोपऱ्यात पाणी जास्त झालं तर तिथलं रोप कुजतं, दुसऱ्या कोपऱ्यात कमी झालं तर तिथलं वाळतं. बाळारामदादा फळीवर उभे राहिले की प्रश्नच नसे. ‘बाळाराम उतरला की पानी झोपतं’, असं त्यांच्या गावात म्हणत. लावणीच्या दिवसांत चार वाड्यांतली माणसं त्यांना बोलवायला येत. ते जात, फळी फिरवून देत, आणि त्या घरी पहिलं पान त्यांच्यासमोर मांडलं जाई. कॉलेजात त्यांना कोणी काही विचारत नसे. गावात मात्र विचारल्याशिवाय लावणी होत नसे.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामने आपल्याकडे भरवायचे, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे प्राचार्यांच्या मागे लागून लागून हो म्हणवलं. मी अजून कायम झाले नव्हते. बाई फुटबॉल काय शिकवणार, असं म्हणणाऱ्यांना दाखवून द्यायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण अवलक्षण व्हायच्या आधी ते कोणाला कळतं? वैशाखात, कॉलेज रिकामं असताना, मी बाळारामदादांना मैदानात उभं केलं आणि म्हणाले, “ही ढेरी मला नकोय. मैदान असं सपाट पाहिजे, की चेंडू ठेवला तिथेच थांबला पाहिजे. आणि हे चरही बुजवा. मागच्या वर्षी एका मुलाचा घोटा मोडला त्यात.”

ढेरीची माती चरात गेली. एका दगडात दोन पक्षी. मी खूश होते.

ते काम मी अजून विसरलेले नाही. त्यांनी घरचे बैल आणले, घरची फळी आणली. माती आधी कुदळीनं मोकळी केली, नळी लावून भिजवली आणि मग फळीवर उभे राहिले. डोक्याला पंचा, अंगात बनियन, हातात कासरा. डोळे अर्धवट मिटलेले. अष्टमीची माणसं कुंपणाशी उभी राहून बघत होती. बैल थांबवायचे, खाली उतरायचे, बसून जमिनीला डोळा लावायचे आणि परत चढायचे. चार दिवस ते चाललं. शेवटी त्यांनी मैदानावर नळी सोडली आणि पाणी कुठे वळतं ते बघत बसले. पाणी कुठेच वळलं नाही. सगळीकडे सारखं पसरलं आणि निजलं. मी चेंडू आणून मधोमध ठेवला. तो जागचा हलला नाही. मी टाळ्या वाजवल्या.

बाळारामदादा मात्र हसले नाहीत. पंच्यानं मान पुसत म्हणाले, “मॅडम, भाताला उबं पानी लागतं. चेंडवाला लागतं काय?”

“म्हणजे?”

“म्हंजे पानी कुठून काडायचा? चर बुजवलं. खाचराला तरी आमी बांधाला खांड पाडतो. हितं काय?”

“ते माझ्यावर सोडा,” मी म्हणाले. “तुम्ही फक्त गवत आणा.”

हे शब्द मी म्हणाले. नेमके हेच. त्यांनी परत विचारलं नाही. आपल्यापेक्षा शिकलेल्या माणसानं ‘माझ्यावर सोडा’ म्हटलं की इकडची माणसं सोडतात, त्यात अडाणीपणा नसतो, विश्वास असतो. मी मात्र ते मनावर घेतलंच नाही. खरंच घेतलं नाही. पत्रं लिहायची होती, पंच शोधायचे होते, ढाल कुठल्या दुकानात करायची ते बघायचं होतं. पाण्याचा विचार करायला मला सवडच झाली नाही.

गवत छान आलं. हराळीची काडी काडी त्यांनी हातानं लावली होती. आषाढात मैदान इतकं हिरवं आणि इतकं सरळ दिसायचं, की मी पायऱ्यांवर उभी राहून नुसती बघत बसायचे. पावसानं तोवर दया केली होती. येत होता, जात होता. मग सामन्यांच्या आधी दोन दिवस तो आला आणि गेलाच नाही. आमच्याकडे असा पाऊस नवा नाही. नवं होतं ते मैदान.

सामन्याच्या सकाळी मी पेणच्या स्टेशनवर उभी होते. पनवेलचा संघ ज्या गाडीनं यायचा होता ती अलीकडच्या जिते स्टेशनाजवळ थांबली आहे, असं कोणीतरी म्हणालं. मी, जिनं आयुष्यात गाडीसाठी कधी देवाला हाक मारली नव्हती, तिथे फलाटावर उभी राहून म्हणाले, देवा, तिथेच राहू दे तिला, संध्याकाळपर्यंत राहू दे. ती अर्ध्या तासात आली. डब्यात पंधरा मुलं निळे सदरे घालून बसली होती, गाणी म्हणत होती, आणि त्यांच्या सरांनी मला बसायला जागा करून दिली.

मैदानावर चार बोटं पाणी होतं. एका गोलपोस्टापासून दुसऱ्या गोलपोस्टापर्यंत चार बोटं. कुठे तीन नाही, कुठे पाच नाही. त्यावर ढग दिसत होते. मी इतकं सुबक काम पुन्हा कधी पाहिलेलं नाही. आणि मधोमध बाळारामदादा उभे होते, मेणकापड पांघरून, हातात फावडं. उजाडायच्या आधीच आले असावेत. मैदानाच्या ऐन मध्यापासून ओढ्याकडच्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी चर खणत आणला होता. स्वतः काडी काडी लावलेलं गवत स्वतःच उपटून दोन्ही बाजूंना फेकलं होतं. पाणी निघत होतं, पण थोडं. जेवढं निघे तेवढं वरून पडत होतं. खांड पाडून खाचर रिकामं होतं, मैदान होत नाही.

प्राचार्य छत्री घेऊन आले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच. पाण्यानं भरलेलं मैदान, त्याच्या छातीत खणलेला चर, आणि फावडं घेतलेला एक माणूस.

मग त्यांची खोली. पंखा बंद, खिडक्या बंद, टेबलाशी आम्ही तिघं. बाळारामदादांच्या अंगावरून पाणी निथळून फरशीवर ओघळत होतं. प्राचार्यांनी मला विचारलं, “मैदान सपाट कोणी केलं?”

“बाळारामदादांनी.”

“आणि हा चर?”

“त्यांनीच.”

दोन्ही उत्तरं खरी होती. प्राचार्य त्यांच्याकडे वळले. “कोणी सांगितलं होतं तुला हे धंदे करायला?”

बाळारामदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीवरच्या पाण्याकडे पाहिलं. मी कायम व्हायची होते. ‘बाईला मैदानातलं काय कळतं’ हे वाक्य त्या खोलीबाहेर टपून बसलं होतं आणि मी तोंड उघडलं की ते आत येणार होतं. मी तोंड उघडलं नाही. अळीमिळी गुपचिळी. बाळारामदादाही काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प राहणं गुन्हा कबूल केल्यासारखं धरलं गेलं आणि माझं गप्प राहणं सभ्यपणाचं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. त्यांना येऊ नको म्हणून सांगितलं होतं. सामने दुसऱ्या कॉलेजात झाले. पावसाळा सरल्यावर एक कंत्राटदार येऊन रोलर फिरवून गेला. चर परत खणले, ढेरी मात्र परत आली नाही. मैदानाच्या उत्तरेच्या गोलसमोर दर पावसाळ्यात तळं साचायचं ते शेवटपर्यंत. मी कायम झाले. तीस वर्षं त्या तळ्यात मुलांना खेळवलं. निरोपाच्या दिवशी शाल देताना कोणीतरी म्हणालं, हे मैदान मॅडमनी उभं केलं. मी नमस्कार केला.

नोकरी गेली त्याचं मला वाईट वाटलं, पण त्याची मी समजूत काढून ठेवली होती. ते पुढे धाटावला एका कंपनीत कंत्राटावर लागले, शिफ्टला जात होते, चूल पेटत होती. रोजंदारीचं काम आज ना उद्या सुटणारच, वगैरे. समजूत काढायला मी फार हुशार आहे. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. अष्टमीहून येणाऱ्या आमच्या एका शिपायानं सहज बोलता बोलता सांगितली. पुढच्या वर्षी लावणीला बाळारामदादांना कोणी बोलवायला आलं नाही. नाक्यावर, सोसायटीच्या दुकानासमोर माणसं हसायची. ‘कॉलेजचं ग्राऊंड बुडवलंस! आता आमची खाचरं बुडवायला येतंस काय?’ गंमतच, दुसरं काही नाही. पण ज्याच्याशी गंमत करतात त्याच्या हातात कोणी आपलं खाचर देत नाही. सपाट कसं करावं हे त्या पंचक्रोशीत ज्याला सगळ्यांत जास्त कळत होतं, त्याला कळत नाही असं ठरलं. एका वर्षात ठरलं. मग त्यांनी फळी पडवीतून काढून माळ्यावर टाकली म्हणे.

हे कळल्यावर तरी मी जायला हवं होतं. गेले नाही. दहाएक वर्षांनी ते मला पुलावर दिसले, कंपनीच्या बसमधून उतरत होते. केस पिकले होते. मी तोंड फिरवणार इतक्यात म्हणाले, “बरं हाय ना, मॅडम?” मी म्हणाले, “हो, हो. तुमचं?” “हाय,” म्हणाले आणि चालू लागले. त्यानंतर त्या रस्त्यानं जाताना मी पुलाच्या दुसऱ्या कडेनं चालायचे. सबंध गावाला शिट्टीवर नाचवणारी बाई मी, आणि एका माणसासाठी रस्ता बदलत होते.

पुस्तिकेचं ते पान मी पुढे लिहून दिलं आणि त्यात घडलं तसंच लिहिलं. उतार कोणाच्या सांगण्यावरून गेला, त्यापुढे माझं संपूर्ण नाव घातलं. प्राचार्यांचा फोन आला, “मॅडम, एवढं कशाला?” मी म्हणाले, एवढंच आहे. पण ते सोपं होतं. कागदाला डोळे नसतात. कठीण होतं ते त्याच्या आधीचं, आणि ते घडलं मीटिंगनंतर तिसऱ्या दिवशी, बाळारामदादांच्या गावात.

रिक्षानं अर्ध्या वाटेत सोडलं, पुढे चिखल. पडवीत त्यांची बायको सुगंधा वाल निवडत बसली होती. मला तिनं लगेच ओळखलं नाही. कॉलेजातली मॅडम म्हटल्यावर तिचे हात थांबले. मग म्हणाली, “ये गो बाय, बस,” आणि पाट सरकवला. बाळारामदादा आतून आले. पाठ वाकलेली, डोळ्यांना जाड चष्मा, पण पाय अजून तसेच, जमीन धरून ठेवल्यासारखे. चहा झाला. मी वाटेत पाठ करून आणलेलं सगळं विसरले होते.

“दादा,” मी म्हणाले, “मैदान सपाट करायला मी सांगितलं होतं. चर बुजवायलाही मीच. तुम्ही पाण्याचं विचारलंत, मी म्हटलं माझ्यावर सोडा. आणि त्या दिवशी साहेबांसमोर मी गप्प बसले. माझं चुकलं. मला माफ करा.”

ते ऐकत होते. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

“मी वाट बगीत होतो,” ते म्हणाले. “त्या खोलीत. मला वाटला, तुमी बोलाल.”

मला रडू आलं. रडू नये असं ठरवून गेले होते.

“मी आता लिहून देणार आहे,” मी म्हणाले. “कॉलेजच्या पुस्तकात. छापून येईल.”

“कागूद हितं कोन वाचतो?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “आनि मला सांगून काय उपेग, मॅडम? मला तर ठावं हाय. तवापासून ठावं हाय. माफी मला कशाला मागता? जे हसलं त्यांना सांगा. तोंडानं सांगा.”

“चला,” मी म्हणाले.

ते उठले. सुगंधा म्हणाली, “आता या पावसात?” त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि बांधावर मला आधाराला हात दिला. माझा गुडघा दुखत होता. खाली त्यांच्या गावकीच्या खाचरांत लावणी चालली होती. त्यांचा एक तरुण पुतण्या पॉवर टिलर बांधाला लावून विडी ओढत होता, पाच-सहा बायका वाकून रोपं लावत होत्या, दोन गडी मुठी टाकत होते. टिलरनं केलेल्या चिखलात कुठे खळगा, कुठे उंचवटा. माझ्यासारखीलाही ते दिसत होतं. बाळारामदादांनी तिकडे बघितलं नाही. मला बांधाच्या रुंद जागी उभं केलं आणि म्हणाले, “सांगा.”

मी सांगितलं. मैदानावर देत असे त्या आवाजात, म्हणजे पावसातही शेवटच्या बाईपर्यंत पोचेल असं. कॉलेजचं मैदान बाळारामदादांनी बुडवलं नाही. त्यांनी काम चोख केलं होतं. चुकीचं सांगणारी मी होते, त्यांनी मला विचारून सावध केलं होतं, आणि नाव त्यांचं गेलं तेव्हा मी तोंड मिटून बसले. बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. हातांत रोपांच्या मुठी तशाच. माझं बोलणं संपलं. पाऊस चिखलात टपटपत होता.

पुतण्यानं विडी विझवली. अदबीनं म्हणाला, “कंचं ग्राऊंड, आजी?”

मी एकेकाकडे पाहिलं. सगळ्यात मोठी बाई तिशीची असेल. दुकानासमोर हसणारे, लावणीला बोलवायला येणारे, पहिलं पान मांडणारे, त्यातलं कोणीही त्या खाचरात नव्हतं. छत्री घेऊन मागून आलेली सुगंधा हळूच म्हणाली, “ही पोरं तवा जलमली नव्हती गो. हसनारं सगलं गेलं. एक त्यो नाना हाय, त्याला ऐकू येत नाय.”

मी उशीर केला होता. साधा उशीर नव्हे, माणसं संपेपर्यंतचा उशीर. मला बाळारामदादांकडे बघायचा धीर होईना. ते काठी रोवून उभे होते, खाचरातल्या त्या तरुण चेहऱ्यांकडे बघत. मग सावकाश खाली बसले, ओल्या बांधावरच, आणि मला त्यांनी हातानं शेजारची जागा दाखवली.

“यांना ठावं नाय तर ठावं करून द्या,” ते म्हणाले. “बसा. पयल्यापासून सांगा.”

मी बसले. बायका बांधाजवळ आल्या. मी पहिल्यापासून सांगायला लागले, आणि या वेळी सगळ्यात आधी माझं नाव सांगितलं.